स्थिर स्थितीचं विश्व: एक सिद्धांत किती सावकाश खोटा ठरला

मृगशीर्ष (धागाकर्ता):
मे २०२५ मध्ये जयंत नारळीकर सर गेले. त्यानंतर आलेल्या लेखांमध्ये एका अर्थाचं वाक्य फार वेळा वाचलं: त्यांनी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्याबरोबर स्थिर स्थिती सिद्धांतावर काम केलं, पण १९६५ मध्ये वैश्विक पार्श्वप्रारण (विश्वात सगळीकडून येणारं मंद प्रारण, तप्त सुरुवातीची खूण) सापडलं आणि तो सिद्धांत मागे पडला. वाक्य चुकीचं नाही, पण खरी गोष्ट त्यात हरवते. हा सिद्धांत एका शोधाने एका दिवसात पडला नाही. त्याच्याविरुद्धचा पहिला मोठा पुरावा स्वतःच सदोष निघाला. ज्या अडचणीपोटी तो जन्मला, ती अडचण भलत्याच दिशेने सुटली. आणि त्याच्याविरुद्धचा एक भक्कम मुद्दा खुद्द हॉईल यांनीच मांडला. म्हणून हा धागा.

आधी अडचण काय होती ते सांगतो. १९२९ मध्ये एडविन हबल यांनी दाखवलं की दीर्घिका जितकी दूर, तितकी ती वेगाने आपल्यापासून लांब जातेय. त्यांच्या मापांनुसार हा वेग दर दहा लाख पार्सेक (एक पार्सेक म्हणजे सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षं) अंतरामागे सेकंदाला सुमारे ५०० किलोमीटरने वाढत होता. हे गणित उलट फिरवलं की विश्वाचं वय निघतं साधारण २०० कोटी वर्षं. इकडे किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून काढलेलं पृथ्वीचं वय १९४० च्या दशकात ३०० कोटींच्या वर गेलं होतं. म्हणजे पृथ्वी विश्वापेक्षा म्हातारी!

१९४८ मध्ये हर्मन बॉन्डी, टॉमस गोल्ड आणि हॉईल यांनी यातून वाट काढली. तिघे युद्धकाळात ब्रिटनच्या रडार संशोधनात एकत्र होते. त्यांनी सुरुवातच काढून टाकली. विश्व प्रसरण पावतंय हे मान्य, पण दीर्घिका दूर सरकल्यावर जी पोकळी पडते तिथे नवा पदार्थ जन्मतो आणि त्यातून नव्या दीर्घिका होतात. त्यामुळे विश्व कुठूनही आणि केव्हाही पाहा, सरासरीने सारखंच दिसेल. सुरुवात नाही, म्हणून विश्वाच्या वयाचा प्रश्नच नाही.

मला या सिद्धांताचा सगळ्यात मोठा गुण वाटतो तो हा, की तो लपून बसत नव्हता. दूरचं बघणं म्हणजे जुनं बघणं. अब्जावधी वर्षांपूर्वीचं विश्व आजच्यापेक्षा वेगळं दिसलं की सिद्धांत संपला, हे बॉन्डी स्वतः ठणकावून सांगत. महास्फोटाच्या, म्हणजे विश्वाला तप्त सुरुवात होती असं मानणाऱ्या प्रतिमानांत तेव्हा इतकी मोकळी जागा होती की कुठलंही निरीक्षण कसंतरी बसवता यायचं.

सायली_कोथरूड:
छान विषय. पण एक शंका लगेच येते. शून्यातून पदार्थ जन्मतो हे मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी मान्य कसं केलं? ऊर्जा अक्षय्यतेचा नियम आपण शाळेत शिकतो तो?

मृगशीर्ष:
सायलीताई, हाच आक्षेप तेव्हाही घेतला गेला. एक तर हा दर इतका बारीक होता की एका घनमीटर जागेत एखादा हायड्रोजन अणू जन्मायला लाखो-कोट्यवधी वर्षं लागतील. कुठल्याही प्रयोगशाळेला ते कळणारच नाही. म्हणजे नियम तितक्या अचूकतेपर्यंत तपासलेलाच नव्हता.

पण हॉईल तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांत एक सृजनक्षेत्र घातलं. पुढे १९६० च्या दशकात त्यांनी आणि नारळीकरांनी त्याला नीट गणिती रूप दिलं. या क्षेत्राची ऊर्जा ऋण असते. पदार्थाची धन ऊर्जा जितकी वाढते, तितकी या क्षेत्राची ऋण बाजू वाढते आणि हिशोब जुळतो. शिवाय त्यांचा उलट प्रश्न होता: सगळा पदार्थ एकाच क्षणी जन्मला असं म्हणणाऱ्यांनी ऊर्जेचा हिशोब कुठे दिला आहे? या प्रश्नाला तेव्हा समाधानकारक उत्तर नव्हतं.

गणिताचे_सर:
वयाच्या अडचणीचं पुढे काय झालं तेही लिहायला हवं, कारण तो भाग फार सुंदर आहे.

वॉल्टर बाडे हे जर्मन नागरिक, कॅलिफोर्नियात माऊंट विल्सनला काम करत. युद्ध सुरू झालं तेव्हा इतर सहकारी युद्धकामावर गेले, पण शत्रूराष्ट्राचे नागरिक म्हणून बाडेंना तिथे घेतलं नाही. त्यामुळे १०० इंची दुर्बीण बराच काळ त्यांच्या हाती आली. त्यात लॉस एंजेलिसमध्ये दिवेबंदी, म्हणून आकाश काळंभोर. १९४४ मध्ये त्यांना देवयानी दीर्घिकेच्या मध्यभागातले तारे सुटेसुटे टिपता आले. त्यातून कळलं की तारे दोन पिढ्यांचे असतात. आणि सेफीड जातीचे रूपविकारी (ठरावीक काळाने तेज कमीजास्त होणारे) तारे, ज्यांच्यावरून हबलनी अंतरं मोजली होती, तेही दोन प्रकारचे निघाले. स्पंदनाचा काळ सारखा असला तरी दोघांच्या तेजात जवळपास चौपट फरक. तेज चौपट म्हणजे अंतर दुप्पट, आणि अंतर दुप्पट म्हणजे विश्वाचं वयही दुप्पट.

बाडेंनी हे १९५२ मध्ये रोमला आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेच्या अधिवेशनात जाहीर केलं. त्या बैठकीचं इतिवृत्त लिहायला कोण बसलं होतं? फ्रेड हॉईल! ज्या अडचणीवर त्यांच्या सिद्धांताची गरज उभी होती, ती अर्धी होताना त्यांनी स्वतःच्या हाताने नोंदवली.

पुढे १९५८ मध्ये ॲलन सँडेज यांनी आणखी एक दोष काढला. दूरच्या दीर्घिकांमध्ये हबलनी ज्यांना सर्वात तेजस्वी तारे समजलं होतं, त्यातले बरेच प्रत्यक्षात तप्त वायूचे ढग होते. ५०० चा आकडा ७५ च्या आसपास आला आणि वयाची तक्रार जवळजवळ मिटली.

सायली_कोथरूड:
मग गरजच संपली तर लोकांनी सिद्धांत तेव्हाच का नाही सोडला?

गणिताचे_सर:
गरज संपली, पण तो खोटा ठरला नव्हता. त्याचं भाकीत अजून आकाशात तपासायचं बाकी होतं. ते काम रेडिओ दुर्बिणींनी केलं. त्याबद्दल इथल्या जाणकारांनी लिहावं.

खोडदचा_शेजारी:
सर, हाक दिल्यासारखंच झालं. मी रेडिओ खगोलशास्त्र शिकलो आहे, त्यामुळे या भागावर जरा लांब लिहितो.

मार्टिन राईल, केंब्रिज. कल्पना साधी: आकाशातले रेडिओ स्रोत मोजायचे. स्रोत अवकाशात सारखे विखुरलेले असतील आणि प्रसरण वगैरे काही नसेल, तर चमकेची मर्यादा चौपट खाली आणली की स्रोतांची संख्या आठपट व्हायला हवी. स्थिर स्थितीत ताम्रसृतीमुळे (प्रसरणाने लहरी ताणल्या जाण्यामुळे) दूरचे स्रोत आणखी मंद होतात, म्हणून वाढ आठपटीहून कमीच यायला हवी. आठपटीहून जास्त आली, तर दूरच्या म्हणजे जुन्या काळात स्रोत अधिक होते असं ठरतं आणि स्थिर स्थिती कोसळते.

१९५५ मध्ये राईल यांनी दुसऱ्या केंब्रिज सर्वेक्षणातले १९३६ स्रोत घेऊन वाढ प्रचंड असल्याचं जाहीर केलं. आकडे खरे मानले तर चौपटीमागे संख्या साठपटीच्या आसपास जात होती. स्थिर स्थिती संपली असंच त्यांचं म्हणणं होतं. पण सिडनीजवळ बर्नार्ड मिल्स आणि सहकाऱ्यांनी आकाशाचा तोच पट्टा वेगळ्या दुर्बिणीने पाहिला, तेव्हा दोन याद्यांत मेळच बसेना. केंब्रिजच्या दुर्बिणीचा झोत रुंद होता. जवळजवळचे अनेक मंद स्रोत त्यात मिसळून एकच स्रोत असल्याचा आभास होत होता. यादीतला मोठा भाग असा बनावट निघाला. म्हणजे निष्कर्ष पुढे बरोबर ठरायचा होता, पण पुरावा वाईट होता. हॉईल यांनी तो नाकारला ते योग्यच केलं. राईल यांच्या पुढच्या निकालांकडे ते संशयाने पाहू लागले, त्यालाही इथूनच कारण मिळालं.

राईल यांच्या गटाने मग यंत्रं सुधारली. १९६१ च्या फेब्रुवारीत त्यांनी नवा निकाल पत्रकारांसमोर ठेवला. हॉईल दांपत्याला तिथे बोलावलं होतं, पण काय जाहीर होणार ते आधी सांगितलं नव्हतं, असं हॉईल यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे. मला हा प्रसंग वाचताना आजही वाईट वाटतं. मतभेद कितीही असोत, शास्त्रज्ञाला उत्तराची तयारी करायला वेळ द्यायला हवा.

नवा आकडा मात्र दमदार होता. चौपटीमागे वाढ साधारण बारापट. साठ नव्हे, पण आठाहून स्पष्टपणे जास्त.

नारळीकर तेव्हा हॉईल यांच्याकडे नव्याने लागलेले संशोधक विद्यार्थी होते. दोघांनी १९६१ मध्येच उत्तर दिलं: दीर्घिका सारख्या विखुरलेल्या नसून प्रचंड गुच्छांमध्ये असतील, तर आपल्या आसपासच्या भागात अशी वाढ दिसू शकते. एवढ्या मोठ्या गुच्छांवर तेव्हा फारसं कुणी विश्वास ठेवला नाही. नंतर दीर्घिकांचे महागुच्छ खरोखर सापडले. रेडिओ गणनेचं कोडं मात्र त्यांनी सुटलं नाही, कारण अधिक मंद स्रोतांपर्यंत जाणाऱ्या सर्वेक्षणांनीही तेच सांगितलं की विश्व पूर्वी वेगळं होतं.

मृगशीर्ष:
फारच मोलाचा प्रतिसाद. यात भारताचाही वाटा आहे ना? उटीबद्दल लिहाल का?

खोडदचा_शेजारी:
नक्कीच. उटीची रेडिओ दुर्बीण १९७० मध्ये सुरू झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या गोविंद स्वरूप यांच्या गटाने ती उभारली. ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद. तिथलं अक्षांश सुमारे ११ अंश, म्हणून तेवढ्याच उताराची उत्तर-दक्षिण टेकडी शोधून दुर्बीण त्या उतारावर बांधली. त्यामुळे तिचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला आणि एकाच अक्षाभोवती फिरवून स्रोताचा तासन् तास माग काढता येऊ लागला. इतका कमी खर्चाचा आणि इतका हुशार आराखडा मी दुसरा पाहिलेला नाही.

चंद्र एखाद्या स्रोतासमोरून जातो तेव्हा त्याची चमक कशी घटते यावरून स्रोताचा आकार काढता येतो. उटीने असे शेकडो मंद स्रोत मोजले. १९७५ मध्ये स्वरूप आणि विजय कपाही यांनी दाखवलं की मंद स्रोतांचे कोनीय आकार लहान आहेत. म्हणजे ते खरोखरच खूप दूर आहेत, आणि विश्व काळानुसार बदलत आलं आहे. राईल फक्त मोजत होते, उटीने आकाराची स्वतंत्र साक्ष दिली.

नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिजहून परतले ते याच टाटा संस्थेत. स्थिर स्थितीचा खंदा पुरस्कर्ता आणि तिच्याविरुद्ध पुरावा गोळा करणारा गट, दोघं एकाच संस्थेत. आणि १९८०-९० च्या दशकांत पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आणि नारायणगावजवळ खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण दोन्ही उभ्या राहिल्या, त्यामागेही अनुक्रमे नारळीकर आणि स्वरूप हीच दोन माणसं.

मंदार_कॅलगरी:
पार्श्वप्रारणाकडे वळण्याआधी हेलियमबद्दल लिहितो, कारण मूळ धाग्यात ज्याचा उल्लेख आहे तो 'खुद्द हॉईल यांचा मुद्दा' हाच असावा.

१९४८ च्या सुमारास जॉर्ज गॅमॉव्ह यांचं म्हणणं होतं की सगळी मूलद्रव्यं विश्वाच्या सुरुवातीच्या उष्णतेत काही मिनिटांतच शिजली. ते चूक निघालं. ५ आणि ८ वस्तुमानाचं टिकाऊ केंद्रकच निसर्गात नाही, त्यामुळे ती साखळी हेलियमपाशीच जवळपास तुटते. हॉईल यांना तर सुरुवातच नको होती, म्हणून त्यांना सगळं ताऱ्यांच्या पोटात बनवणं भाग होतं. त्या गरजेतून त्यांनी १९५३ मध्ये सांगितलं की कार्बनच्या केंद्रकाला ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या जवळ एक ऊर्जापातळी असलीच पाहिजे, नाहीतर ताऱ्यांत कार्बन पुरेसा बनणार नाही. कॅलटेकमध्ये मोजून पाहिलं आणि ती पातळी सापडली! १९५७ मध्ये मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि हॉईल यांच्या मोठ्या शोधनिबंधाने कार्बनपासून युरेनियमपर्यंतची मूलद्रव्यं ताऱ्यांमध्ये कशी बनतात याचा पाया घातला. तो आजही उभा आहे. चुकीच्या विश्वसिद्धांताच्या आग्रहातून निघालेलं हे विसाव्या शतकातलं एक सर्वात मोठं काम आहे, असं मला मनापासून वाटतं. १९८३ चं नोबेल फाउलर यांना मिळालं आणि हॉईल यांना नाही, हा अन्याय होता.

पण हेलियम हटेना. विश्वातल्या सामान्य पदार्थाच्या वस्तुमानात जवळपास पाव हिस्सा हेलियम आहे. तारे एवढा बनवू शकत नाहीत. १९६४ मध्ये हॉईल आणि रॉजर टेलर यांनी 'नेचर'मध्ये हेच लिहिलं: एवढा हेलियम यायचा तर विश्व एकेकाळी अतिशय तप्त असायला हवं, किंवा अतिप्रचंड वस्तूंचे स्फोट झालेले असायला हवेत. पार्श्वप्रारणाच्या शोधाच्या आदल्या वर्षी, स्थिर स्थितीच्या जनकाने!

सायली_कोथरूड:
हे मला अजिबात माहीत नव्हतं. आणि ती कबुतरांची गोष्ट खरी आहे का?

मृगशीर्ष:
खरी आहे. न्यू जर्सीत होल्मडेलला बेल प्रयोगशाळेची शिंगाच्या आकाराची अँटेना होती. १९६४ मध्ये आर्नो पेन्झिआस आणि रॉबर्ट विल्सन यांना तिच्यात सगळ्या दिशांनी सारखी खरखर येत होती, साडेतीन केल्विन तापमानाच्या तोडीची. आत राहणारी कबुतरं हलवली, विष्ठा साफ केली, खरखर राहिलीच. प्रिन्स्टनमध्ये रॉबर्ट डिकी यांचा गट नेमकं हेच शोधायच्या तयारीत होता. १९६५ मध्ये दोन्ही गटांचे लेख एकत्र आले. राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी अशा प्रारणाचं तापमान सुमारे ५ केल्विन असेल असं १९४८ मध्येच सांगितलं होतं, पण ते कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

मात्र इथेही घाई नको. १९६५ चं मोजमाप फक्त ७.३५ सेंटीमीटर या एका तरंगलांबीवरचं होतं. तप्त सुरुवातीतून उरलेल्या प्रारणाचा, वेगवेगळ्या तरंगलांबींवरच्या तीव्रतेचा आलेख विशिष्ट आकाराचाच हवा, आणि एका बिंदूवरून आकार कळत नाही. शिवाय हॉईल एक हिशोब मांडत: विश्वातला सगळा हेलियम ताऱ्यांनी बनवला असता तर त्यातून सुटलेली ऊर्जा धुळीत शोषली जाऊन साधारण याच तापमानाचं प्रारण तयार झालं असतं. आकडा खरंच जवळ येतो. त्यामुळे शंका घेणाऱ्याला बरीच वर्षं जागा होती. ती मिटली १९९० मध्ये, जेव्हा कोबे उपग्रहाने संपूर्ण आलेख आणला: २.७३ केल्विन, सैद्धांतिक रेषेवर तंतोतंत.

स्पष्टवक्ता_नाशिक:
सगळ्यांचा आदर ठेवून लिहितो. १९९० नंतर तरी नारळीकरांनी सोडून द्यायला हवं होतं. उलट १९९३ मध्ये हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी अर्ध-स्थिर स्थितीचं नवं प्रतिमान काढलं. त्यात पार्श्वप्रारणाचा उगम म्हणून लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंची धूळ आणली. याला मी हट्ट म्हणेन. शियामांचं उदाहरण बघा. डेनिस शियामा स्थिर स्थितीचे कट्टर समर्थक. १९६६ मध्ये आपला विद्यार्थी मार्टिन रीस याच्याबरोबर त्यांनी क्वेसार (अतिदूरच्या, अतितेजस्वी वस्तू) मोजले, आकडे विरुद्ध गेले आणि त्यांनी जाहीरपणे सिद्धांत सोडला.

मंदार_कॅलगरी:
शियामांबद्दल पूर्ण सहमत. लोखंडी तंतूंबद्दलही. पार्श्वप्रारणाच्या तापमानातल्या बारीक चढउतारांच्या आलेखात ठरावीक अंतरावर शिखरं येतील हे महास्फोटाच्या प्रतिमानाने आधी सांगितलं आणि डब्ल्यूमॅप उपग्रहाने २००३ मध्ये, प्लँक उपग्रहाने २०१३ मध्ये ती अचूक मोजली. अर्ध-स्थिर प्रतिमानानेही जुळवून दाखवायचा प्रयत्न केला, पण निकाल समोर आल्यावर. आधी सांगणं आणि नंतर जुळवणं यांचं वजन सारखं नसतं.

मृगशीर्ष:
माझं मत स्पष्ट आहे: सिद्धांत चुकीचा होता आणि नव्वदच्या दशकात त्याच्या बाजूने फारसं काही उरलं नव्हतं. पण हट्ट इतरांवर लादला का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आयुकाचे ते संस्थापक संचालक. त्यांच्याच काळात तिथे थानू पद्मनाभन आले, तरुण सौरदीप पार्श्वप्रारणावर काम करू लागले. दोघंही मुख्य प्रवाहातले. संचालकाचा सिद्धांत न मानता तिथे मोकळेपणाने काम करता येत होतं. आपल्याकडच्या संस्थांमध्ये ही गोष्ट सहज घडत नाही.

गणिताचे_सर:
यात आणखी एक भर. स्थिर स्थितीत प्रसरणाचा वेग वाढत जाणं अटळ आहे. १९५६ मध्ये ह्युमॅसन, मेयॉल आणि सँडेज यांनी प्रसरण मंदावत असल्याचं मोजलं आणि तोही स्थिर स्थितीविरुद्धचा पुरावा मानला गेला. १९९८ मध्ये सुपरनोव्हांवरून (ताऱ्यांच्या प्रचंड स्फोटांवरून) कळलं की वेग वाढतोच आहे. म्हणजे राईल यांच्या पहिल्या यादीसारखाच हाही पुरावा बाद.

सायली_कोथरूड:
अरे! मग याने सिद्धांत परत उभा राहत नाही का?

गणिताचे_सर:
नाही. आणखी दूरच्या सुपरनोव्हांनी दाखवलं की सुरुवातीला प्रसरण खरंच मंदावत होतं, वेग वाढू लागला तो साधारण ५००-६०० कोटी वर्षांपूर्वीपासून. स्थिर स्थितीला दर अंतरामागे वेग वाढण्याचा कायम एकच दर लागतो. भविष्यात कृष्ण ऊर्जा, म्हणजे हा वेग वाढवणारी ऊर्जा, अशीच राहिली तर प्रसरणाचं सूत्र स्थिर स्थितीच्या सूत्रासारखंच होत जाईल, पण नवा पदार्थ मात्र जन्मणार नाही. ती तशीच राहील का, यावरही सध्या दीर्घिकांच्या डेसी सर्वेक्षणाच्या आकड्यांवरून जोरदार चर्चा चालू आहे.

सायली_कोथरूड:
सगळ्यांचे आभार. मुलगी नववीत आहे, तिला हे वाचून दाखवलं. तिला दुर्बीण प्रत्यक्ष बघायची आहे. कुठे नेता येईल?

खोडदचा_शेजारी:
फेब्रुवारीच्या अखेरीस राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला शाळकरी मुलांची प्रदर्शनं असतात आणि दुर्बीणही बघायला मिळते. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, त्यातल्या निम्म्याच्या आसपास मध्यभागी एकत्र आणि बाकीच्या तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. नारायणगावहून रस्ता सोपा आहे. मोबाइल मात्र बंद ठेवायला सांगतात, कारण त्याच्या लहरी दुर्बिणीला फार त्रास देतात. तारीख आधी संकेतस्थळावर तपासा आणि सकाळीच पोहोचा, दुपारनंतर फार गर्दी होते.